वाकोबाला पायऱ्या नव्हत्या

खारीच्या बारा माडांपैकी पाचवा माड मंगळवारी सकाळी मधूनच मोडला आणि जाता जाता कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्परही घेऊन गेला. कोंबड्या वाचल्या, पण त्या दिवसापासून त्यांनी अंडी देणं बंद केलं. आई म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मलाही या घरात आता कुणाला काही द्यावंसं वाटत नाही."

खार म्हणजे या घरातली एकुलती एक मुलगी, वय वर्षं पंधरा. शाळेच्या हजेरीपटावर तिचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते तिथेच राहायचं. आठव्या वर्षी ती पहिल्यांदा माडावर चढली आणि उतरायलाच तयार होईना, तेव्हा बाबांनी खालून हाक मारली होती, "ए खारे, ये आता खाली." ते चिकटलं ते चिकटलंच. हे बारा माड ती जन्मली त्या वर्षी लावलेले, विहिरीपासून कुंपणापर्यंत एका ओळीत. घरात त्यांना कुणी 'ती ओळ' म्हणायचं नाही. 'खारीचे बारा' म्हणायचे. आता त्यातले पाच गेले होते आणि उरलेल्यांतल्या दोघातिघांची लक्षणं काही ठीक नव्हती.

बाबा माडावर चढण्यात नव्हे, माडावर चढण्याची सोय करण्यात प्रसिद्ध होते. खोडाला ते हातकुऱ्हाडीने अशा सुबक खाचा पाडायचे की बघत राहावं. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन बोटं खोल, खालची कड जराशी उतरती, म्हणजे पाणी साचायला नको. त्यांना ते खाचा म्हणू द्यायचे नाहीत. पायऱ्या म्हणायचं. आजूबाजूचे लोक बाबांना पायरीवाले म्हणूनच ओळखत. दूरदूरचे बागवाले येऊन त्यांच्या पायऱ्यांवरून हात फिरवून जायचे आणि बाबा तेवढा वेळ दुसरीकडे बघत, आपल्याला काही पडलेलं नाही असं दाखवत उभे राहायचे. दर वर्षी एकदा ते तरण्या माडांच्या पायऱ्या उजळायचे, म्हणजे बोथट झालेली कड परत कोरून ताजी करायचे. खारीच्या माडांना तर त्यांनी दुप्पट पायऱ्या घातल्या होत्या. आठ वर्षांच्या पोरीचा पाय तो केवढा. मोठ्या माणसाच्या दोन पायऱ्यांच्या मधे तिच्यासाठी आणखी एक.

फक्त सातव्या माडाला काही केलं नव्हतं. तो लहानपणीच वादळात लोळला होता, मग तसाच जमिनीला समांतर वाढत गेला आणि पुढे कधीतरी आठवण झाल्यासारखा वर वळला. त्याचं नाव वाकोबा. त्याच्यावर चढायला कसली कला लागत नव्हती, चालत जायचं. कोंबड्यासुद्धा जायच्या. पाहुणे आले की बाबा बाग दाखवताना वाकोबाजवळ पावलं जरा भरभर उचलत.

मंगळवारी बाबांनी पडलेलं खोड कुऱ्हाडीने उभं फोडलं. आतून आंबूस वास आला. खोडाचा गाभा राहिलाच नव्हता, नुसता ओला भुसा होता आणि त्यात अंगठ्याएवढ्या जाड, पिवळट पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. काथ्याचे धागे गुंडाळून केलेले कोष होते आणि एका कोषातून लांब सोंडेचा, गंजलेल्या रंगाचा एक भुंगा हळूच बाहेर येत होता, घरमालक दार उघडून बघतो तसा.

"सोंड्या," बाबा म्हणाले आणि त्याला टाचेखाली घेतलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडचे सल्लागार काका आलेच. या काकांच्या स्वतःच्या बागेत माडांपेक्षा गवत उंच होतं, पण दुसऱ्याच्या झाडाला काय झालंय हे त्यांना झाडाच्या आधी कळायचं. "शेंड्यात मीठ घाला," ते म्हणाले. "मूठभर नाही, चांगलं पसाभर. आणि राख. माझ्या एका ओळखीच्याने तर माडाखाली रोज रेडिओ लावून ठेवला. भुंगे गेले."

"माड राहिले का?" आईने विचारलं.

"माडांचं मला माहीत नाही."

खार मात्र फुटलेल्या खोडाशी उकिडवी बसून होती. आत भुशाच्या लांब वाटा होत्या. तिने काडी घेऊन एक वाट उलटी काढत नेली, जसं चक्रव्यूहाच्या चित्रात शेवटापासून सुरुवातीकडे जावं तसं. ती वाट निघाली पायरीपाशी. दुसरी वाट काढली. तीही पायरीपाशी. तिसरी मधेच भुशात हरवली. चौथी पुन्हा पायरीपाशीच.



दुसऱ्या दिवशी तिने शाळेत विज्ञानाच्या बाईंना गाठलं. बाईंनी कपाटातून एक जुनं माहितीपत्रक काढून दिलं. खारीने ते भूगोलाच्या तासाला बाकाखाली धरून वाचलं. त्यात सोंड्या भुंग्याची सगळी कुंडली होती आणि मधे एक ओळ होती: मादी खोडावरच्या ताज्या जखमेच्या वासाने येते आणि त्या जखमेत अंडी घालते, म्हणून खोडाला जखम करू नये. बाबा ज्याला पायरी म्हणत होते त्याला या पत्रकाने सरळ जखम म्हटलं होतं. आणि बाबा दर वर्षी ती उजळत होते.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. येत्या रविवारी बाबा नव्या चाळीस माडांना पहिल्या पायऱ्या घालणार होते. सहा वर्षं वाढवलेले, रोज पाणी देऊन जपलेले चाळीस माड. त्यांची खोडं आत्ताच कुठे माणसाच्या डोक्यावर गेली होती. बाबांनी हातकुऱ्हाडीला धार लावून ठेवली होती आणि सल्लागार काकांना बघायला यायचं निमंत्रणसुद्धा देऊन झालं होतं. खारीच्या हातात चार दिवस होते.

बुधवारी रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला. किती विचार करून, किती गोड शब्दांत मांडायचं ठरवलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "बाबा, माड पायऱ्यांमुळे मरतायत."

बाबांनी घास थांबवला. मग म्हणाले, "पाणी दे जरा."

तिने पाणी दिलं. ते सावकाश प्यायले.

"बाबा, मी काय म्हणाले?"

"ऐकलं. विहिरीकडचे म्हातारे माड बघितलेस? तीस वर्षं पायऱ्या आहेत त्यांना. ते का नाही मेले?"

 खारीने पत्रक पुढे केलं. बाबांनी ते हात लांब करून, डोळे बारीक करून धरलं आणि परत दिलं. "कागद वाचून माड वाचले असते तर तुमच्या शाळेच्या आवारात जंगल झालं असतं. तिथे एक झाड आहे, त्यालाही तुम्ही पोरं सायकली टेकवता."

आई हसली. हसायला नको होतं. खार ताटावरून उठली ती तरातरा आत गेली, आणि आत जाऊन तिने तेच पत्रक पहिल्यापासून पुन्हा वाचलं. अगदी तळाला, बारीक अक्षरात उत्तर होतं. पाच ते वीस वर्षांच्या माडांना धोका जास्त, कारण खोड कोवळं असतं. म्हाताऱ्या माडांच्या पायऱ्या तर बाबांनी कित्येक वर्षांत उजळल्याच नव्हत्या. त्यांच्या कडा दगडासारख्या झाल्या होत्या.

सकाळी तिने हे सांगितलं तेव्हा बाबा पंपाला तेल घालत होते. "काल म्हणालीस पायऱ्या," ते म्हणाले, "आज म्हणतेस वय. उद्या त्यांची पत्रिका मांडशील."

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. घडा निदान गप्प तरी बसतो.

मग तिने ठरवलं की घरच्या माणसाचं ऐकत नाहीत तर बाहेरच्याचं ऐकतील. विज्ञानाच्या बाईंच्या ओळखीने शेतकी खात्यातल्या निरीक्षक बाई शुक्रवारी बाग बघायला आल्या. डोक्याला टोपी, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात कागद लावलेली फळी. त्यांना बघूनच खारीला हायसं वाटलं. बाई झाडाझाडाजवळ थांबल्या, खोडाला कान लावला, एका भोकातून गळणारा तपकिरी चिकट रस बोटावर घेऊन वास घेतला. खारीनेही कान लावला. आतून आवाज येत होता, कुणीतरी तोंड मिटून काकडी खावी तसा. कर्र, कर्र. तिचा नववा माड आतून कुणीतरी जेवत होतं.

बाबांनी शहाळं फोडून बाईंच्या हातात दिलं.

"तर उपाय असा आहे," बाई म्हणाल्या. "कुंपणापाशी गंधाचा सापळा लावू, वासाने भुंगे बादलीत येऊन पडतील. बादली मी देते. ज्या खोडांत कीड आहे त्यांना औषध. आणि खोडाला शक्यतो जखमा टाळा."

खारीने श्वास रोखला. आता.

"अगदी बरोबर," बाबा म्हणाले. "जखमा टाळायच्याच. मी तर खोडाला दोरीसुद्धा घासू देत नाही."

"छान," असं म्हणून बाईंनी कागदावर खूण केली. मग त्यांची नजर वर गेली, खोडावरून वर वर गेली, आणि त्यांनी शहाळ्याची नळी तोंडातून काढली. "काय सुबक काम आहे हो हे. या पायऱ्या तुम्ही पाडल्यात?"

बाबा दुसरीकडे बघू लागले. "असंच आपलं. हाताला सवय."

"बाई," खार मधे पडली, "पण याच जखमा ना?"

"खारे," बाबा म्हणाले, "मोठी माणसं बोलताना मधे बोलू नये."

बाईंनी एकदा पायऱ्यांकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, एकदा हातातल्या शहाळ्याकडे. त्या आदल्या महिन्यातच या हुद्द्यावर आल्या होत्या. "हो, म्हणजे, तसं बघायला गेलं तर," त्या म्हणाल्या, "त्यादेखील एका अर्थी विचारात घ्यायला हव्यात." आणि बादली, औषधाची बाटली, रबरी हातमोजे नि सूचनांचे दोन कागद ठेवून त्या पुढच्या बागेकडे निघून गेल्या. खार त्यांच्या मागे फाटकापर्यंत धावली. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे गं. पण अशा माणसाला पहिल्याच भेटीत कसं सांगायचं?"

"मी पंधरा वर्षं भेटतेय," खार म्हणाली. "मलाही जमत नाहीये."

शनिवारी तिने शेवटचा मार्ग धरला. हातकुऱ्हाड लपवली. तांदळाच्या डब्यात, तळाशी, वर तांदूळ सारखे करून. दुपारी आईने भातासाठी माप आत घातलं आणि ठण्ण आवाज झाला.

आईने कुऱ्हाड बाहेर काढली, पदराने पुसली आणि खारीसमोर धरली. "भातात हीच घालायची राहिली होती. हे काय आहे?"

"आई, त्यांना उद्या थांबव ना. तुझं ऐकतील."

"माझं?" आई खरंच विचारात पडली. "लग्नानंतर एकदाच ऐकलं होतं. घराचा दरवाजा उजवीकडे उघडू दे म्हणाले होते मी. तोही पुढे त्यांनी बदलला."

"पण तुला पटतंय की नाही?"

 आई तांदळात हात घालून उगाच चाळवत राहिली. "मला पटतंय," ती म्हणाली. "पण तू त्यांना काय सांगतेयस ते तुला कळतंय का? त्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट अशी आली की जिला लोकांनी चांगलं म्हटलं. आणि तुझ्या माडांना तर त्यांनी दुप्पट घातल्या, तुझा पाय पुरावा म्हणून. ते हिशेब करत नसतील असं वाटतं तुला? त्यांना तो करायचाच नाहीये."

खारीला हे आधीच कळलं होतं. मंगळवारी, काडीने वाट उलटी काढत गेली तेव्हाच.  पण आईने ते मोठ्याने म्हटल्यावर तिला बाबांची कीव यायच्या ऐवजी रागच आला. चाळीस माड मरू द्यायचे का मग, कुणाचं मन राखायला? तिने कुऱ्हाड स्वतःच नेऊन बाबांच्या कोनाड्यात ठेवली. बाबा तिथेच होते. त्यांनी कुऱ्हाडीला चिकटलेला तांदळाचा एक दाणा नखाने काढला आणि ती परत कोनाड्यात टेकवली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी सल्लागार काका घडी केलेला टॉवेल खांद्यावर टाकून, समारंभाला यावं तसे आले. बाबांनी कुऱ्हाड उचलली. खार फाटकाशी वही घेऊन उभी होती.

"बाबा, आधी माझ्या बारा माडांमधून चला. एकदाच. मग मी काही बोलणार नाही."

"काही म्हणजे काहीच?"

"तोंडाला कुलूप."

"हा सौदा वाईट नाही," काका म्हणाले.

बाबा चालू लागले. खारीने ठरवलं होतं की आज सांगायचं काहीच नाही. चार दिवस सांगून बघितलं होतं, त्यातून निघालं शून्य. आज फक्त विचारायचं. पहिल्या बुंध्याशी ती थांबली. हा माड गेल्या वर्षी गेला होता.

"याला पायऱ्या कधी घातल्या होत्या?"

"तू तिसरीत होतीस तेव्हा. सगळ्यात आधी याला. खालची पायरी अगदी गुडघ्याशी घ्यावी लागली होती, तुझा पाय वर जात नव्हता."

तिने वहीत लिहिलं. पुढचा उभा होता, पण त्याचा शेंडा एका बाजूला कलला होता, मान मुरगळल्यासारखा. "याला?"

"त्याच आठवड्यात."

तिसरा, गेलेला. चौथा, गेलेला. पाचवा, मंगळवारचा. सहावा उभा, पण बुंध्याशी भुसा सांडलेला. बाबा उत्तरं देत होते आणि प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा लहान होत होतं. काका मागून येत होते, त्यांनाही काही सुचत नव्हतं, आणि हे त्यांच्या बाबतीत फार दिवसांनी घडत होतं.

मग वाकोबा. आडवा पसरलेला, मग वर गेलेला. त्याच्या पाठीवर एक कोंबडी बसली होती. शेंडा ताठ, झावळ्या हिरव्यागार, खाली एक भोक नाही की रसाचा ओघळ नाही. आजूबाजूला दोन्हीकडे आजारी माड, आणि मधे हा, घरात सगळ्यांना ताप आलेला असताना खिडकीत बसून मजा बघणाऱ्या पोरासारखा.

"याला कधी घातल्या?" खारीने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"याला कुठे घातल्या," बाबा सवयीने म्हणाले. "याला गरजच काय होती. हा तर असाच..."

आणि थांबले.

कोंबडी वाकोबाच्या पाठीवरून चालत थोडी वर गेली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी खोडावर तळहात ठेवला, लोक येऊन त्यांच्या पायऱ्यांवर ठेवायचे तसा. सगळीकडून फिरवला. खालून, वरून. हाताला कुठे काही लागलं नाही.

"अजून पाच राहिलेत," खार म्हणाली.

"दिसतायत मला."

ते पुढच्या पाचांकडे गेले नाहीत. सरळ नव्या चाळीस माडांकडे गेले. खार मागे, काका मागे, आई दारातून हात पुसत आली. बाबा पहिल्या माडासमोर उभे राहिले, पाय फाकवले, नेहमीसारखं अंतर मोजलं, कुऱ्हाड उचलली. खारीला आता ओरडता येत नव्हतं, सौदा तोच होता. तिने वही इतकी दाबली की तिची कड तळहातात रुतली. कोवळं, राखाडी, गुळगुळीत खोड. कुऱ्हाड तिथेच वर राहिली. मग खाली आली, नुसतीच, हाताबरोबर.

बाबांनी पात्यावरून अंगठा फिरवला.

"धार नाही," ते म्हणाले.

दोन दिवस घासली होती ती कुऱ्हाड त्यांनी. तिने माणसाची दाढी झाली असती.

"मी आणून देऊ का माझी?" काकांनी विचारलं.

"नको," बाबा म्हणाले आणि घरात निघून गेले.

खारीला वाटलं होतं, जिंकल्यावर काहीतरी होईल. बाबा म्हणतील, पोरी, तुझं बरोबर होतं. निदान डोक्यावर हात ठेवतील. कसलं काय. दिवसभर त्यांनी पंप उघडला आणि परत जोडला. त्यात कसलाच बिघाड नव्हता. रात्री जेवताना तिने त्यांच्याकडे चार वेळा पाहिलं. चारही वेळा ते पाणी मागत होते.

सोमवारी ती शाळेतून आली आणि फाटकातच थबकली. तिच्या उभ्या माडांच्या सगळ्या पायऱ्या बुजल्या होत्या. एकूण एक. ओल्या सिमेंटचे करडे ठिपके, खालपासून वरपर्यंत, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांच्यावरूनही कुणी हात फिरवला असता इतके ते साफ होते. बाबा शेवटच्या माडाच्या बुंध्याशी बसले होते, दंडापर्यंत सिमेंट, शर्टाची वाट लागलेली. ते पहाटेपासून हेच करत होते, असं आईने सांगितलं. चहालाही उठले नव्हते.

 खार धावत नवव्या माडाजवळ गेली आणि खोडाला मिठीच मारली. तिचा कान खोडाला टेकला.

कर्र, कर्र.

तिने कान काढला. पुन्हा लावला.

"बाबा," ती म्हणाली, "आधी औषध ओतलं होतं ना आत?"

"कसलं औषध?"

"निरीक्षक बाईंनी दिलेलं. बाटली. आधी वरच्या भोकातून औषध ओतायचं, मग बुजवायचं. कागदावर लिहिलंय. तुम्ही नुसतंच बुजवलंत?"

"दार बंद केलं की आत गुदमरून मरतील."

"नाही मरत. ती आत राहतात. तुम्ही त्यांना घराला पक्क्या भिंती बांधून दिल्यात. आता ती निवांत जेवतील, वारा नाही, पाऊस नाही, कावळा नाही." तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं आणि दोन्हींपेक्षा जास्त, कपाळ त्या सिमेंटवर आपटून घ्यावंसं वाटत होतं. "बाबा, एकदा, फक्त एकदा, मला विचारायचं तरी."

बाबांनी दिवसभराच्या कामाकडे पाहिलं. विहिरीपासून कुंपणापर्यंत, माडामागून माड. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मग आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

 हा प्रश्न त्यांनी खारीला आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता, आणि तोही असा, सिमेंटने माखलेल्या हाताने नाक पुसत.

"वाळायच्या आत काढायचं सगळं," ती म्हणाली. "तुम्ही जुना पेचकस आणा. मी बाटली, नरसाळं आणि मोजे आणते."

पायऱ्या बुजल्या होत्या, त्यामुळे वर जायला वाटच नव्हती. शिडी लावली तर ती निम्म्यापर्यंतच पोचली. त्यापुढे घोट्यांत दोरीचा फास अडकवून चढायचं, खोडाला न दुखवता. हे पत्रकात चित्रासकट होतं आणि खारीला दोन प्रयत्नांत जमलं. बाबा, ज्यांना अख्खी पंचक्रोशी पायरीवाले म्हणत होती, ते दोरीने दोन हात वर गेले आणि सर्रकन खाली आले. कुंपणापलीकडून सल्लागार काका म्हणाले, "पायरी चुकली वाटतं." बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते तिथून पसार झाले.

नववा माड वाचणार नव्हता, हे दोघांनाही दिसत होतं. शेंड्याची मधली कोवळी झावळी खारीने नुसती ओढली तर हातात आली. तरी तिने त्यालाही औषध घातलं. चार वाचतील कदाचित. आणि पलीकडे चाळीस, कोवळे, गुळगुळीत, एकही ओरखडा नसलेले.

संध्याकाळ व्हायच्या आत ते दुसऱ्या माडाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर आले. ती गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. बाबांनी पेचकसाने सिमेंट काढलं, खारीने औषध घातलं. मग बाबांनी सिमेंटचा गोळा तिच्या हातात ठेवला.

"ही तू बुजव," ते म्हणाले.

तिने पायरीत आधी बोट घालून पाहिलं. किती उथळ होती ती, किती लहान. आता तिच्या पायाचा अंगठाही मावला नसता. तिने गोळा आत भरला आणि तळहाताने दाबला. पुन्हा दाबला. डोळ्यांपुढे जरा धूसर झालं होतं, म्हणून कड नीट दिसत नव्हती.

"अगं, असं नाही," बाबा म्हणाले आणि खाली वाकले. "कडेला फट राहिली. मी मघापासून सांगतोय, फट ठेवायची नाही. फट राहिली की सोंड्या येतो."